जागा सोडा, जागा परत द्या : मराठवाड्यातल्या नवख्या रेसरसाठी ट्रॅकवरच्या वागणुकीचं आणि पेनल्टीचं मार्गदर्शन

संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा बीडहून सर्किट रेसिंगला जायचं म्हणजे कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट गाठायचं. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे पुणे-कोल्हापूरकडचे कार्टिंग ट्रॅक. प्रवास, टायर आणि प्रवेश शुल्कातच पैसे संपतात, ट्रॅकवर प्रत्यक्ष गाडी चालवायला वेळ थोडाच मिळतो. म्हणून इथल्या नवख्या चालकाला वेग लवकर जमतो. शेजारी दुसरी गाडी लागली की काय करायचं, ते जमायला मात्र उशीर होतो. पहिल्या मोसमात पेनल्टी ओढवते ती साधारण तिथेच.

नियमांची पुस्तकं जाड असतात, पण चालकाच्या वागणुकीबद्दल स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीत न्यायनिवाडा करणारे अधिकारी, पुन्हा पुन्हा एकच गोष्ट तपासतात: शेजारच्या गाडीला ट्रॅकवर राहण्यापुरती जागा मिळाली का? पुढचं बहुतेक सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं.

एक गोष्ट आधीच. समृद्धी महामार्गावर, बायपासवर किंवा एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर लावलेली शर्यत हा सराव नव्हे, गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर मार्शल (ट्रॅकच्या कडेला उभा राहून झेंडे दाखवणारा, मदत करणारा माणूस) नसतो, झेंडा नसतो, रुग्णवाहिका नसते आणि समोरून येणाऱ्या माणसाला तुमची शर्यत चालू आहे हे ठाऊक नसतं.

आधी कागद वाचा

देशातल्या अधिकृत स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयच्या परवानगीने होतात. चालकाकडे तिचा स्पर्धा परवाना लागतो. त्यासाठी वयाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती तयार ठेवा. गावाकडच्या एखाद्या डर्ट ट्रॅक स्पर्धेचं पोस्टर दिसलं तर बक्षिसाचा आकडा पाहण्याआधी परवानगीचा क्रमांक शोधा. तो नसेल तर विमा, वैद्यकीय पथक आणि तक्रार ऐकणारा माणूस, या तिन्हींची खात्री नाही.

प्रत्येक स्पर्धेची स्वतःची पूरक नियमावली निघते. ती छापून घ्या आणि इतक्या गोष्टींवर खूण करा: क्लर्क ऑफ द कोर्स कोण, स्टुअर्ड कोण, चालकांची ब्रीफिंग किती वाजता, सूचनाफलक कुठे, पिट लेनची (दुरुस्तीला, टायर बदलायला गाड्या आत येतात त्या वाटेची) वेगमर्यादा किती, निषेध अर्जाची (लेखी हरकतीची) अनामत किती. क्लर्क ऑफ द कोर्स शर्यत चालवतो, स्टुअर्ड न्याय करतात. दोघांत गल्लत झाली की तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि मुदत निघून जाते. ब्रीफिंग चुकवणं हाच बऱ्याच स्पर्धांत शिक्षापात्र प्रकार असतो. शिवाय त्या दिवसापुरते बदललेले नियम, उदाहरणार्थ एखाद्या वळणावर ठेवलेला प्लास्टिकचा शंकू (कोन) ओलांडला तर काय, हे तिथेच कळतं.

झेंडे पाहायची सवय

झेंडे पाठ करणं सोपं, १०० च्या वेगात ते दिसणं अवघड. पहिल्या सराव सत्राची पहिली दोन चक्कर वेगासाठी नाहीतच असं धरा; प्रत्येक मार्शल पोस्ट कुठे आहे आणि कोणत्या क्षणी ते नजरेच्या टप्प्यात येतं, एवढंच बघा. परत आल्यावर ट्रॅकच्या नकाशावर ती पोस्टं स्वतःच्या हाताने काढा. जे आठवलं नाही तिथेच तुमचा पिवळा झेंडा हुकणार.

एक पिवळा हलता झेंडा म्हणजे वेग कमी करा, ओव्हरटेक नाही, दिशा बदलायची तयारी ठेवा. दोन पिवळे म्हणजे वेग ठळकपणे कमी करा आणि थांबायची तयारी ठेवा, कारण ट्रॅक अडलेला आहे किंवा मार्शल ट्रॅकवर काम करताहेत. इथे “मी थोडा लिफ्ट केला होता” (ॲक्सिलरेटर थोडा सोडला होता) हे स्टुअर्डला पुरत नाही. ते सेक्टरचा, म्हणजे ट्रॅकच्या त्या भागाचा, वेळ आणि डेटा बघतात, त्यात फरक दिसला पाहिजे. २०१४ साली जपानमधल्या सुझुकाला दोन पिवळ्या झेंड्यांखाली फॉर्म्युला वन चालक ज्यूल बियांकीची गाडी घसरली आणि दुसरी गाडी उचलणाऱ्या यंत्रावर आदळली; जुलै २०१५ मध्ये तो गेला. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये व्हर्च्युअल सेफ्टी कार, म्हणजे धोका असताना सगळ्यांनी ठरवून दिलेल्या संथ वेगाने चालवायची पद्धत, आली. पिवळ्या झेंड्याबद्दल कुठलंही स्टुअर्ड मंडळ मऊ का नसतं, त्याचं कारण हे आहे.

निळा म्हणजे पूर्ण चक्कर पुढे असलेली गाडी मागून आली आहे, लवकरात लवकर तिला जाऊ द्या. जाऊ देणं म्हणजे अचानक ब्रेक मारणं नाही. आपली लाइन (ट्रॅकवरून जायची वाट) बदलू नका, सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर थोडा सोडा आणि मागच्याला ठरवू द्या. २०१२ च्या मलेशिया ग्रां प्रीमध्ये नारायण कार्तिकेयन आणि चक्कर पुढे असलेला सेबास्टियन वेटेल यांची अशीच टक्कर झाली. वेटेलचं टायर फाटलं आणि कार्तिकेयनला २० सेकंदांची पेनल्टी बसली.

पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे पुढे तेल किंवा पाणी आहे. पांढरा म्हणजे पुढे संथ वाहन. लाल म्हणजे सत्र थांबलं, ओव्हरटेक न करता हळू पिटकडे या. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा क्रमांक दिसला तर गाडीत धोकादायक बिघाड आहे. तुम्हाला तो जाणवत नसला तरी पुढच्याच चक्करला आत या. तिरका अर्धा काळा अर्धा पांढरा झेंडा वागणुकीबद्दलची ताकीद देतो, तो एकदाच दाखवला जातो असं समजून चाला. नुसता काळा म्हणजे पिटमध्ये या आणि अधिकाऱ्यांना भेटा.

ओव्हरटेक : हक्क कधी मिळतो

नवख्याची सगळ्यात मोठी गैरसमजूत अशी की पुढचं चाक कुठेतरी आत घुसवलं की वळण आपलं झालं. तसं नाही. जून २०२५ मध्ये एफआयएने, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेने, फॉर्म्युला वनची ओव्हरटेकिंगची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यातलं माप सरावासाठी चांगलं आहे. आतल्या बाजूने जाताना ॲपेक्सला, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते तिथे, तुमचा पुढचा ॲक्सल (पुढच्या चाकांचा आस) निदान समोरच्याच्या आरशाच्या रेषेत हवा. बाहेरून जात असाल तर त्याच ठिकाणी तुमचा पुढचा ॲक्सल त्याच्या पुढच्या ॲक्सलच्या पुढे हवा. शिवाय गाडी ताब्यात असावी आणि वळण ट्रॅकच्या आत राहून पूर्ण व्हावं. ही फॉर्म्युला वनची तत्त्वं आहेत, तुमच्या स्पर्धेचे शब्द वेगळे असू शकतात. पण स्टुअर्डची नजर कुठे जाते, ते यातून कळतं.

सरावात हे असं बसवा. सोबतीच्या चालकाशी आधी बोलून एकच वळण निवडा. पहिल्या फेरीत त्याच्या मागे राहून त्याचा ब्रेकिंग पॉइंट ओळखा. पुढच्या फेरीत नेहमीच्याच जागी ब्रेक मारा, पण आतली लाइन धरून. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशीच राहिलं, तर तो स्टिअरिंग वळवेल तेव्हा तुम्ही त्याच्या आरशात नसाल. अशा वेळी सोडून द्या. ब्रेक उशिरा मारून ती उणीव भरायला गेलात की पुढची चाकं जाम होतात, गाडी ॲपेक्स सोडून सरळ जाते आणि धडक बसते. टक्करीच्या पेनल्टीचा हा अगदी ठराविक नमुना आहे, आणि इथे दोष जवळजवळ नेहमी मागच्याचा ठरतो. आत शिरायला जमलं तरी बाहेर पडताना त्याच्यासाठी एका गाडीची रुंदी ठेवा. तो शेजारी असताना त्याला गवतावर ढकलणं ही वेगळी चूक धरली जाते.

बचाव करणाऱ्यालाही मर्यादा आहे. सरळ पट्ट्यावर जागा राखण्यासाठी दिशा एकदाच बदलता येते. मग रेसिंग लाइनवर (वळणातून सर्वांत वेगाने जायच्या वाटेवर) परतायचं तर वळणाआधी ट्रॅकच्या कडेपाशी एका गाडीची रुंदी मोकळी ठेवूनच. आणि ब्रेक सुरू झाल्यावर बाजूला सरकायचं नाही. त्या क्षणी मागच्याचे टायर पकडीच्या टोकाला असतात, त्याला दिशा बदलता येत नाही. तुम्ही सरकलात तर त्याच्यापुढे तुमच्यावर आदळणं एवढाच पर्याय उरतो. २०१६ च्या मेक्सिको ग्रां प्रीमध्ये वेटेलने रिकार्डोसमोर हेच केलं, १० सेकंदांची पेनल्टी बसली आणि तिसरा क्रमांक रिकार्डोकडे गेला.

कार्टिंगमध्ये ढकलाढकलीचा मोह जास्त, कारण बंपर असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये पुढचं फेअरिंग (प्लास्टिकचं आवरण) धक्क्याने मागे सरकेल अशा क्लॅम्पवर बसवतात. शर्यतीअखेर ते जागेवर नसेल तर ५ सेकंद जातात. क्लॅम्प दाबून घट्ट करणं किंवा शेवटच्या चक्करला हाताने फेअरिंग पुढे ओढणं हे तपासणीत पकडलं जातं, आणि त्याची शिक्षा त्या ५ सेकंदांपेक्षा मोठी असते.

चुकून पुढे गेलात तर

ट्रॅकबाहेर जाऊन किंवा वळण कापून जागा मिळाली असेल तर ती परत द्या, अधिकाऱ्यांनी सांगायची वाट न पाहता. कशी द्यायची यातही कौशल्य आहे. पुढच्या सरळ पट्ट्यावर रेसिंग लाइन सोडून बाजूला व्हा, हळूहळू ॲक्सिलरेटर सोडा, तो पूर्ण पुढे गेला याची खात्री करा आणि लगेचच्या वळणावर पुन्हा हल्ला करू नका. २००८ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला लुईस हॅमिल्टनने शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापून रायकोनेनच्या पुढे जाऊन जागा परत दिली, पण लगेचच्या वळणावर पुन्हा पुढे गेला. शिकेन कापल्याचा फायदा शिल्लकच आहे असं स्टुअर्डनी मानलं, २५ सेकंद वाढवले, आणि जिंकलेली शर्यत मासाच्या नावावर गेली. २०२५ च्या स्पेन ग्रां प्रीमध्ये मॅक्स व्हरस्टॅपनला संघाने जॉर्ज रसेलला जागा द्यायला सांगितलं. तो संथ झाला, पण रसेल शेजारी येताच वेग घेऊन आदळला. १० सेकंद बसले, पाचव्यावरून दहाव्या क्रमांकावर घसरण झाली आणि परवान्यावर ३ पेनल्टी पॉइंट लागले. जागा देणं रागात करायचं काम नाही.

ट्रॅकवर परत येतानाही हेच. मागे पाहा, लाइन ओलांडू नका, कडेकडेने वेग घ्या. २०१९ मध्ये कॅनडात वेटेल गवतावरून परतताना हॅमिल्टनच्या वाटेत आला, ५ सेकंद बसले आणि फिनिश रेषा सर्वांत आधी ओलांडूनही शर्यत गेली.

पेनल्टी लागली, आता काय

सगळ्यात हलकी म्हणजे समज. त्यावर वेळेची पेनल्टी, सहसा ५ किंवा १० सेकंद. मग ड्राइव्ह-थ्रू (न थांबता पिट लेनमधून जाणं), स्टॉप-अँड-गो (पिटमध्ये ठराविक वेळ थांबून जाणं), पुढच्या शर्यतीत ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगांत) मागे जाणं, निकालातून बाद होणं आणि बंदी. फॉर्म्युला वनमध्ये १२ महिन्यांत १२ पेनल्टी पॉइंट झाले की एका शर्यतीची बंदी येते. ही पद्धत २०१४ पासून आहे आणि तिच्यात बंदी मिळालेला पहिला चालक २०२४ साली केव्हिन मॅग्नुसन ठरला, त्याची बाकूची शर्यत गेली. मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या विश्वमालिकेत, २०१९ पासून लाँग लॅप आहे: ठरवून दिलेल्या लांबच्या वाटेने एक वळसा घालायचा.

पेनल्टी भोगताना दुसरी पेनल्टी ओढवून घेणं नवख्या संघांत फार होतं. वेळेची पेनल्टी पिट स्टॉपमध्ये भोगत असाल तर ते सेकंद पूर्ण होईपर्यंत गाडीला कोणीही हात लावायचा नाही, जॅकही नाही. एका माणसाकडे फक्त स्टॉपवॉच द्या, त्याने हात वर केल्याशिवाय कोणी हलायचं नाही. ड्राइव्ह-थ्रूसाठी फॉर्म्युला वनमध्ये सूचना मिळाल्यावर फिनिश रेषा जास्तीत जास्त दोनदा ओलांडता येते, आणि सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांचा वेग आवरायला पुढे सोडलेली गाडी) चालू असताना ती भोगता येत नाही; तुमच्या नियमावलीतला आकडा आधीच डॅशबोर्डवर लिहून ठेवा. पिटची वेगमर्यादा मोडली की नवा हिशेब सुरू होतो. गाडीला लिमिटर (वेग आपोआप रोखणारी सोय) नसेल तर सरावात जीपीएस लावून बघा, दुसऱ्या गिअरमध्ये किती आरपीएमला तो वेग येतो. त्या आकड्यावर टॅकोमीटरच्या काचेला रंगीत चिकटपट्टी लावा.

धडक झाल्यावरची पाच मिनिटं

गाडी थांबली, आग नाही, तर मार्शलने खूण करेपर्यंत बेल्ट सोडू नका. मास्टर स्विच बंद करा. बाहेर पडायचं ते बॅरिअरच्या बाजूने, आणि सरळ बॅरिअरमागे जायचं. हेल्मेट तिथे पोहोचेपर्यंत काढायचं नाही. समोरच्याला जाब विचारायला ट्रॅकवर पाऊल टाकायचं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत एका मातीच्या ट्रॅकवर केव्हिन वॉर्ड ज्युनियर हा तरुण चालक धडकेनंतर संतापून ट्रॅकवर चालत गेला आणि दुसऱ्या गाडीची धडक बसून मरण पावला. आठवडाभरात नॅस्कार या तिथल्या रेसिंग संघटनेने मदतपथक येईपर्यंत गाडीतच थांबण्याचा नियम केला.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण तिथे अंगाला अंग लागतं. २०१८ मध्ये मिसानोला मोटो-२ च्या शर्यतीत रोमानो फेनातीने दोनशेहून अधिक वेगात स्टेफानो मान्झीचा ब्रेक लिव्हर दाबला. काळा झेंडा मिळाला, दोन शर्यतींची बंदी आली आणि संघाने त्याला काढून टाकलं. हात, पाय, कोपर यांनी दुसऱ्याच्या गाडीला मुद्दाम स्पर्श केला तर त्याला रेसिंग अपघात म्हणत नाहीत.

स्टुअर्डसमोर

बोलावणं लेखी येतं, त्यावर वेळ असते. त्याआधी एकटे बसून कागदावर लिहा: कोणती चक्कर, कोणतं वळण, ब्रेक कुठे मारला, समोरचा पहिल्यांदा कधी दिसला, तुमचं पुढचं चाक त्याच्या गाडीच्या कुठे होतं. ऑनबोर्ड कॅमेऱ्याचं कार्ड काढून पिशवीत ठेवा, त्यावर नवं रेकॉर्डिंग होऊ देऊ नका. इन्स्टाग्रामवर क्लिप टाकू नका. सोबत संघाचा एकच जबाबदार माणूस न्या. मुलगा लहान असेल तर वडील किंवा आई, पण त्यांनी तिथे भांडायचं नाही. दक्षिणेतल्या ट्रॅकवर सुनावणी बहुधा इंग्रजीत चालते. इंग्रजी अडत असेल तर हिंदीत बोलू का, असं सुरुवातीलाच विचारा. अर्धवट समजलेल्या प्रश्नाला दिलेलं “हो” अंगाशी येतं.

स्टुअर्ड व्हिडिओ आणि डेटा आधीच पाहून बसलेले असतात. त्यांना हवं असतं ते तुमचं त्या क्षणाचं कारण. “तो आत आला” यापेक्षा “मी ८० मीटरच्या बोर्डवर ब्रेक मारला, तो तेव्हा माझ्या मागच्या चाकाशी होता, मला आरशात दिसला नाही” हे उपयोगाचं. चूक असेल तर कबूल करा. शिक्षा ठरवताना ते बघितलं जातं. खोटं मात्र नाहीच. २००९ च्या ऑस्ट्रेलिया ग्रां प्रीनंतर हॅमिल्टन आणि त्याच्या संघाने स्टुअर्डना दिशाभूल करणारी माहिती दिली, रेडिओच्या रेकॉर्डिंगने ती उघडी पडली, निकाल रद्द होऊन तिसरी जागा ट्रुलीला परत मिळाली. मूळ घटनेत त्याचा काही गुन्हाही नव्हता.

साक्ष दुसऱ्याच्या बाजूची असली तरी द्यावी. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या शर्यतीनंतर माइक हॉथॉर्न उलट्या दिशेने गाडी चालवल्यावरून बाद होणार होता. त्याचा थेट प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस अधिकाऱ्यांकडे गेला आणि हॉथॉर्न ट्रॅकवर नव्हे, कडेच्या पदपथावर होता असं सांगितलं. हॉथॉर्नचे गुण राहिले. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद हॉथॉर्नने ४२ विरुद्ध ४१ असं एका गुणाने जिंकलं, ते मॉसकडूनच. मॉस कधीच विश्वविजेता झाला नाही.

निषेध आणि अपील

एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार निकालाविरुद्धचा निषेध तात्पुरता निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत, लेखी आणि अनामतीसह द्यावा लागतो. एका अर्जात एकच मुद्दा, नियमाच्या कलमासह. म्हणून निकाल लागायच्या वेळी संघातला एक माणूस सूचनाफलकापाशी उभा हवा आणि त्याने छापलेली वेळ फोनवर टिपून घ्यावी. स्टुअर्डच्या निर्णयावर निषेध चालत नाही, अपील चालतं. त्याचा इरादा एका तासात लेखी कळवायचा. पण वेळेच्या पेनल्टी आणि ड्राइव्ह-थ्रूवर बऱ्याच मालिकांत अपीलच नसतं. अनामत जप्त होऊ शकते, तेव्हा पुरावा नसताना नुसत्या रागाने अर्ज करू नका.

आपल्याकडची माती

मराठवाड्यात डर्ट ट्रॅक किंवा मोटोक्रॉस भरवायचा तर बहुधा काळ्या रानावर मुरूम टाकून. उन्हाळ्यात धुळीचा लोट इतका उठतो की दुसऱ्या रांगेतल्याला काही दिसत नाही. थोडं जास्त पाणी मारलं की मुरमाखालची काळी माती वर येते आणि चाकाला चिकटते. टँकरने एकदम भिजवण्यापेक्षा प्रत्येक फेरीआधी हलका शिडकावा करा, ब्रेकिंगची जागा आणि उडीनंतरची उतरण आधी. मार्शल वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा करा, नाहीतर त्याचाच झेंडा धुळीत जातो. धुळीत पुढचा दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही, हे ब्रीफिंगमध्ये नियम म्हणून सांगा. मोटोक्रॉसमध्ये पांढऱ्यावर लाल क्रॉसचा झेंडा म्हणजे वैद्यकीय पथक ट्रॅकवर आहे: उडी मारायची नाही, ओव्हरटेकही नाही. शंकरपटाला धावपट्टीला खेटून उभं राहायची सवय असलेली गर्दी इथेही तशीच येते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तिला अजिबात उभं राहू देऊ नका, घसरलेली गाडी तिकडेच जाते. गर्दी आत आली तर फेरी थांबवायची.

रॅलीत जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: स्टेजमध्ये (वेळ मोजला जातो त्या टप्प्यात) थांबलात तर गाडीच्या निदान ५० मीटर मागे त्रिकोण ठेवा आणि येणाऱ्यांना ओके किंवा एसओएसचा बोर्ड दाखवा. एसओएस दिसला आणि तुम्ही थांबला नाहीत तर ते स्टुअर्डकडे जातं. मदतीत गेलेला वेळ नंतर भरून दिला जातो.

वर्षाला एखादीच शर्यत परवडत असेल तर उरलेल्या वेळी मार्शल म्हणून नाव द्या. क्लब नवख्यांना प्रशिक्षण देतात, आणि पोस्टवर उभं राहून एका दिवसात जितके ओव्हरटेक दिसतात तितके गाडीतून मोसमभर दिसत नाहीत. जाताना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बूट, टोपी, शिट्टी आणि तीन-चार लिटर पाणी न्या. पिवळा किंवा लाल शर्ट घालू नका. लांबून येणाऱ्या चालकाला तो झेंडा वाटतो.